अलार्म बंद केलेली जागा

वाडीला अमरावती रोडपासून थोडं आत आमच्या ट्रान्सपोर्टचं गोदाम आहे आणि गोदामाच्या वर एक खोली आहे. तिला सगळे 'ट्रॅकिंग' म्हणतात. "ट्रॅकिंगवाल्या मॅडमले विचार," असं ड्रायव्हर एकमेकांना सांगतात. ती मॅडम म्हणजे मी.

आधी मी खाली बुकिंगला होते. बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहायच्या, माल उतरला की शिक्का मारायचा. तिथे सकाळपासून माणसंच माणसं. हमाल, व्यापारी, ड्रायव्हर. कोणी भांडतंय, कोणी पंख्याखाली बसून घाम पुसतंय. मग मालकांनी सगळ्या गाड्यांना यंत्रं बसवून घेतली. डब्यासारखं लहानसं यंत्र, डॅशबोर्डच्या मागे लपवलेलं. गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, इंजिन चालू आहे की बंद, डिझेल किती, ब्रेक किती जोरात दाबला, हे सगळं ते दर काही सेकंदांनी कळवतं. ते बघायला कोणी तरी हवं होतं. मालक मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही सुट्ट्या घेत नाही आणि तुमच्याकडून चूक होत नाही. तुम्हीच वर बसा."

बढतीच होती ती. खोलीत एसी, दोन मोठे स्क्रीन, दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवर एक मुलगी होती, ती लग्न होऊन पुण्याला गेली. तिच्या जागी कोणी आलं नाही. सॉफ्टवेअर इतकं चांगलं आलं होतं, की एका माणसात काम भागत होतं.

आमच्याकडे चार तऱ्हेच्या गाड्या. लांबच्या रस्त्याचे ट्रक, औषधांच्या थंड गाड्या, तीन शाळांच्या बस आणि सावनेरकडच्या खाणीतून कोळसा नेणारे टिप्पर. बाहेरच्या माणसाला वाटतं, नकाशावर ठिपके फिरतात, ते बघायचे, झालं. पण प्रत्येक गाडीचं दुखणं वेगळं. थंड गाडीत मी रस्ता बघतच नाही, आतलं तापमान बघते. काटा जरा वर सरकला की आधी ड्रायव्हर, मग औषधवाले. शाळेच्या बसमध्ये वेग बघते आणि कोणत्या थांब्यावर दार किती वेळ उघडं राहिलं ते. लांबच्या ट्रकला झोपेचं भय. टिप्परचं सगळं काम फेऱ्यांचं. दिवसात फेऱ्या किती झाल्या आणि गाडी मध्येच कुठे उभी राहिली, एवढंच साहेब विचारत. मालकांना आम्ही सगळे साहेबच म्हणतो. पडद्यावर चालती गाडी हिरवी दिसते, बंद असली की लाल. इंजिन चालू ठेवून उभी असली की पिवळी. पिवळी दहा मिनिटांवर राहिली की अलार्म वाजतो.

मी नंदनवनला राहते. सकाळी स्कूटीने सगळं नागपूर ओलांडून पश्चिमेला जायचं, संध्याकाळी परत. आई होती तोवर घरी गेल्यावर दिवसाचा हिशेब द्यावा लागे, कोण काय म्हणालं, डबा संपवला का. ती गेली त्यानंतरच्या वर्षी मी ट्रॅकिंगला आले. भाऊ हैदराबादला असतो, जमलं तर रविवारी फोन करतो. कधी कधी शनिवारी संध्याकाळी खोलीला कुलूप लावायचे आणि सोमवारी सकाळी चौकीदाराला "दार उघडा" म्हणायचे, तेव्हा आपला आवाज बसलाय असं वाटे. बसलेला नसे. वापरलेला नसे.

टिप्परवाल्यांमध्ये एक जुने ड्रायव्हर होते. पंचावन्नच्या आसपासचे असतील. त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. टिप्पर वाडीला येतच नाहीत, ते तिकडेच सावनेरच्या यार्डात उभे राहतात. मला ठाऊक होता तो फक्त त्यांच्या गाडीचा नंबर, आणि त्यांचा एकही अलार्म कधी वाजत नाही हे. वेग नेमका, ब्रेक मऊ. गाडी चालवण्याचे गुण सॉफ्टवेअर दर आठवड्याला देतं, त्यात ते नेहमी वरच्या दोघांत.

एका हिवाळ्यात दुपारी त्यांची गाडी पाटणसावंगीच्या अलीकडे पिवळी झाली. दहा मिनिटं झाली, अलार्म वाजला. मी फोन लावला.

"भाऊ, ट्रॅकिंगवरून बोलतेय. गाडी काहून थांबली?"

"काई नाई ताई. जरा हातपाय मोकळे करून राहिलो."

"इंजिन बंद करा मग. अलार्म येतो इकडे."

"हो, राहिलंच ते," म्हणाले. मग, "जेवले का ताई?"

मी घड्याळाकडे बघितलं. दोन वाजत आले होते. डबा बंद होता. "नाही अजून," मी म्हणाले.

"जेवून घ्या. गाड्या काई पळून नाई जात." आणि स्वतःच हसले.

दुसऱ्या दिवशी गाडी त्याच जागी थांबली. तिसऱ्याही दिवशी. त्या जागी रस्ता रुंद आहे, एक बंद पडलेला ढाबा आहे आणि दोन बाभळी, हे मी उपग्रहाच्या नकाशावर मोठं करून बघितलं. मी रोज फोन करू लागले. कामाचाच फोन तो. थांबलेल्या गाडीला फोन करायचा हा नियमच आहे. पण अलार्म वाजायची वाट मी बघत नव्हते. ठिपका पिवळा झाला की दोन-तीन मिनिटांत लावायचे.

तीन-चार मिनिटांचं बोलणं असे. ते सांगत, आज जिनिंगवर कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आली. ढाब्यावरची कुत्री व्याली, पाच पिल्लं आहेत. माझी स्कूटी सकाळी चालू होत नाही म्हटल्यावर त्यांनी विचारलं, कशी आवाज करते, आणि मी फोनवर तो आवाज काढून दाखवला. "प्लग काढून पुसा, कार्बन धरला असन," ते म्हणाले. मी मेकॅनिककडे जाऊन तेच सांगितलं, आणि तेच निघालं. आमच्या गल्लीत नळाला पाणी कमी येतं, हेही मी त्यांना सांगितलं होतं. कोणाला सांगायची ती गोष्ट नव्हे. आणि रोज एकदा ते विचारायचे, "जेवले का?" मग मी डब्यात काय आहे तेही सांगायचे. एकटीसाठी रोज वेगळी भाजी होत नाही, पण मी करायला लागले. रोज "वांगी" असं काय सांगायचं.

महिनाभराने साहेबांनी थांब्यांची आठवड्याची यादी बघितली. "मॅडम, ही गाडी रोज एकाच जागी का थांबते? फेरी लांबते याची."

मी म्हणाले, "टायर बघायला थांबतात, साहेब. भरलेली गाडी असते, मला बरोबर वाटतं ते. ती जागा मान्य थांबा करून टाकू का?"

"तुम्हाला योग्य वाटत असेल तर करा."

मान्य थांबा करणं सोपं असतं. नकाशावर त्या जागेभोवती बोटाएवढा गोल काढायचा आणि नाव द्यायचं. वजनकाटा, पेट्रोलपंप, आमचं यार्ड, अशा सगळ्यांभोवती गोल आहेत. त्या गोलात गाडी कितीही वेळ उभी राहिली तरी अलार्म वाजत नाही. मी गोल काढला आणि नाव दिलं 'टायर तपासणी'. टायरचं त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या मनाने म्हटलं होतं.

थांबायचं खरं कारण त्यांनी होळीच्या सुमारास सांगितलं. त्या दिवशी फोन उचलला, पण बोलायला वेळ लागला.

"झोप लागली होती का भाऊ?"

"नाई ताई. हाताले मुंग्या येऊन राहिल्या. उजव्या. कधी कधी येतात. मंग थांबतो."

"कधीपासून?"

"झाले तीन-चार महिने. दहा-पंधरा मिन्टं बसलो का जातात."

"म्हणून थांबता तुम्ही रोज?"

"रोज नाई येत. पण भरल्या गाडीत आल्या तर? म्हून आधीच थांबतो. स्टेरिंगवर भरोसा पायजे ना हाताचा."

मी विचारलं, घरी सांगितलं का, डॉक्टरांना दाखवलं का. ते म्हणाले, दाखवतो, उन्हाळा जाऊ द्या. मी म्हणाले, "भाऊ, मला साहेबांना सांगावं लागेल."

पलीकडे इंजिनाची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग ते म्हणाले, "सांगू नका ताई. गाडीवरून उतरवतीन."

"तपासणी होईल, बरं वाटलं की पुन्हा चढाल."

"उतरलेला डायवर पुन्हा चढत नाई," ते म्हणाले. अगदी शांतपणे, जसे कापसाच्या गाड्यांबद्दल सांगायचे तसे.

मी सांगितलं नाही.

या न सांगण्याला मी पुष्कळ दिवस दया म्हणत आले. माणसाचं काम जाऊ नये, म्हातारपणी त्याने घरी बसू नये, म्हणून मी गप्प राहिले, असं. त्यात खोटं काही नाही. पण ते उतरले असते तर त्या गाडीवर दुसरा कोणी आला असता आणि दुपारी दोन वाजता मला फोन करायला माणूस राहिला नसता, हेही मला त्याच क्षणी कळलं होतं. आधी काय सुचलं आणि मागून काय, हे आता खरेपणाने सांगता येत नाही. भरलेला टिप्पर घेऊन ज्या रस्त्याने ते जायचे त्याच रस्त्याने आमच्या एका शाळेची बस जाते, आणि ती बसही मीच बघते. तो विचार तर मला आलाच नाही. तो फार नंतर आला.

उन्हाळा गेला. त्यांनी डॉक्टरांना दाखवलं नाही, मी दर आठ-दहा दिवसांनी विचारत राहिले. ते म्हणत, "हो ताई, या सोमवारी." पोळा झाला. थांबा चालूच होता.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी दुपारी सव्वा वाजायच्या सुमारास एका थंड गाडीचं तापमान चढायला लागलं. गाडी कोंढाळीच्या पुढे होती, आत लसी होत्या. ड्रायव्हर नवा, घाबरलेला. कूलिंगचं मशीन बंद पडून पुन्हा चालू होत होतं. मी एका कानाला मेकॅनिक लावला, दुसऱ्याला ड्रायव्हर, मध्येच औषधवाल्यांचा फोन. मेकॅनिक सांगेल ते मी ड्रायव्हरला सांगायचे, तो काय बघतो ते मेकॅनिकला. शेवटी एक फ्यूज निघाला. काटा खाली यायला लागला तेव्हा मी पाणी प्यायले आणि बरं काम केलं असं मला वाटलं.

मग दुसऱ्या स्क्रीनकडे बघितलं. पावणेतीन झाले होते. गोलात एक ठिपका पिवळा होता.

ठिपक्यावर बोट नेलं की गाडी किती वेळ उभी आहे ते दिसतं. बावन्न मिनिटं.

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. इंजिन चालू होतं. पडद्यावर तसं लिहिलेलंच होतं. मी त्यांच्या मागून येणारा टिप्पर शोधला. तो चार किलोमीटर मागे होता. त्याच्या ड्रायव्हरला म्हणाले, "पाटणसावंगीच्या अलीकडे आपली गाडी उभी आहे, बाभळींपाशी. थांबून बघा. फोन चालू ठेवा."

त्याने फोन चालू ठेवला. गाडी थांबल्याचा आवाज आला, दार, मग चालण्याचा. मग दुसरं दार. "ओ भाऊ," तो म्हणाला. "ओ भाऊ, काय झालं?" नंतर मला म्हणाला, "मॅडम, हे बाजूच्या सीटवर पडून आहेत. डोळे उघडे आहेत. तोंड वाकडं झालं. बोलून राहिले पण समजून नाई राहिलं."

मला तो आवाज ऐकू आला. रोजचाच आवाज होता आणि त्यात एकही शब्द नव्हता.

मी ॲम्ब्युलन्स बोलावली. जागा बरोबर सांगता आली, गावाचं नाव, किलोमीटरचा दगड, ढाबा, झाडं. तिथे मी कधी गेले नव्हते. आधी त्यांना सावनेरला नेलं, तिथून नागपूरला मोठ्या दवाखान्यात. पक्षाघात होता. जीव वाचला. उजवी बाजू आणि वाचा गेली. डॉक्टर त्यांच्या मुलाला म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर बरं झालं असतं. हे मला साहेबांकडून कळलं. ते 'थोडं' म्हणजे किती, आणि त्यात माझी बावन्न मिनिटं कुठे बसतात, हे विचारायला मी दवाखान्यात गेले नाही.

मी खोलीतच बसून राहिले. गाडीचा गेलेला प्रवास पडद्यावर पुन्हा चालवून बघता येतो. मी तो दिवस पुन्हा पुन्हा चालवला. खाण सोडल्यावर गाडी चांगली चालली होती. थांब्याच्या दोन किलोमीटर आधी वेग कमी झाला. कुठे झटका नाही, जोरात ब्रेक नाही. हळूहळू कमी होत गाडी रस्त्याच्या कडेला आली आणि उभी राहिली. त्यांना कळलं होतं. एका हाताने, एका पायाने त्यांनी भरलेली गाडी नीट कडेला घेतली होती.

मग मी आधीच्या सगळ्या महिन्यांचे थांबे एकाखाली एक काढले. हिवाळ्यात अकरा मिनिटं, बारा मिनिटं. होळीला पंधरा. उन्हाळ्यात अठरा. पोळ्यानंतर पंचवीसच्या खाली एकही नाही. ओळीने बघितल्यावर लहान मुलालाही समजलं असतं. यंत्राने रोज कळवलं होतं. मी रोज एकेक दिवस बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. हाताच्या मुंग्या, टायर तपासणीचा गोल, अलार्म का वाजला नाही ते. त्यांनी ऐकून घेतलं. मग उठून केबिनचं दार लावलं.

"मॅडम, तुमच्यामुळे ते सापडले. रेकॉर्डला तेच आहे," ते म्हणाले. "आता हे उकरून कोणाचं भलं होणार? दोन दिवस घरी आराम करा."

मला वाटलं होतं, रागावतील. रागावले असते तर माझ्या मनावरचं थोडं उतरलं असतं. मी आराम केला नाही, वर जाऊन बसले. गोल पुसला. त्या जागेला पुन्हा अलार्म लागला, पण तिथे आता कोणी थांबत नव्हतं.

दवाखान्यातून त्यांना घरी नेल्यावर एका रविवारी मी त्यांच्या गावी गेले. सावनेरला एसटीने आणि तिथून ऑटोने. वाटेत ती जागा लागली. नकाशावरच्यापेक्षा लहान होती. एकच बाभूळ राहिली होती.

घर माणसांनी भरलेलं होतं. याची मी कल्पनाच केली नव्हती. दोन मुलं, सुना, नातवंडं, शेजारचे दोघे-तिघे ओट्यावर बसलेले. कोणी कोथिंबीर निवडतंय, कोणी मोबाइलवर गाणी लावतंय. इतके महिने मी त्यांना बाभळीखाली एकटेच बसलेले समजत होते आणि त्यांना माझ्यासारखंच बोलायला कोणी नसेल असं धरून चालले होते. ते आतल्या खोलीत खाटेवर होते. धिप्पाड माणूस. मी बारीक, उंच असा धरला होता. मी म्हणाले, "भाऊ, मी ट्रॅकिंगवाली." ते माझ्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग मी तेच पुन्हा म्हणाले, फोनवर बोलायची त्या स्वरात, आणि त्यांचा डावा हात थोडा हलला. ओळखून हलला की उगीच, सांगता येत नाही.

त्यांच्या बायकोने मला बाहेर खुर्ची दिली. ठेंगण्या, चटपटीत बाई. "तुमीच का त्या ऑफिसच्या बाई?" त्यांनी विचारलं.

"माझ्याबद्दल बोलायचे का ते?"

"म्हणत होते, दुपारच्या टायमाले ऑफिसातून रोज फोन येते, उचलाच लागते. त्या टायमाले मी फोन केला तर रागे भरत. म्हणत, लाइन बिझी ठेवू नको, ऑफिसचा फोन यायचा आहे."

त्यात मला लागेल असं काही त्या बोलत नव्हत्या. पाणी देत होत्या. मी पेला हातात धरला. उचलाच लागते. खरंच होतं ते. कंपनीचा फोन ड्रायव्हरने उचलायचाच असतो. "जेवले का ताई?" हे ते ज्याच्या त्याच्याशी बोलत असतील, बोलणारा माणूस होता. ते तीन मिनिटांचं बोलणं त्यांच्या दिवसात केवढं आणि माझ्या दिवसात केवढं, हे मला तिथे त्या गजबजाटात पहिल्यांदा दिसलं.

मी ज्यासाठी गेले होते ते तरीही सांगितलं. "वहिनी, त्यांच्या हाताला मुंग्या यायच्या. त्यांनी मला सांगितलं होतं. मी कोणाला सांगितलं नाही."

"कधी सांगतलं?"

"होळीला."

त्या खाली जमिनीवर बसल्या, माझ्या खुर्चीजवळच. मग म्हणाल्या, "आमाले नाई सांगतलं. घरात एवढी माणसं. तुमाले सांगतलं."

मी पेला खाली ठेवला.

"तुमी साहेबाले सांगतलं असतं तर काय झालं असतं?"

"गाडीवरून उतरवलं असतं."

"मंग घरी बसले असते," त्या म्हणाल्या. "आताही घरीच बसले आहेत."

रागाने नाही म्हणाल्या. हिशेब जुळतो का बघावा तसं म्हणाल्या. मग उठून चहा टाकायला गेल्या. चहा सगळ्यांना आला, मलाही आला. मी निघताना त्यांनी "पुन्हा या" म्हटलं, आणि मी दोनदा आणखी गेले. दुसऱ्या खेपेला ते भिंतीला धरून उभे राहत होते आणि "पाणी" म्हणू शकत होते. मी खाटेजवळ बसून खाणीच्या, गाड्यांच्या गोष्टी सांगितल्या. ते ऐकत होते, पण थोड्या वेळाने नातवाकडे बघू लागले. घरातली माणसं माझ्यासाठी जागा करत, मोबाइल बंद करत, हळू बोलत. पाहुणी होते मी. त्यानंतर गेले नाही. वहिनींचा कधी फोन येतो, मग मी विचारते, चालतात का, जेवतात का.

साहेबांना मी एक अर्ज दिला, की सगळ्या ड्रायव्हरांची वर्षातून एकदा तपासणी व्हावी आणि तपासणीत काही निघालं तर माणसाला गोदामात दुसरं काम मिळावं. दुसऱ्या कामाचं त्यांनी तोंडी कबूल केलं, तपासणीचं लेखी. गाड्यांत आता ड्रायव्हरसमोर लहान कॅमेरेही बसलेत. डोळा लागला की ते स्वतःच ओरडतात, मला फोन करावा लागत नाही. दिवसाला पूर्वी चाळीस फोन व्हायचे, आता दहाही होत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात थंड गाडीच्या एका ड्रायव्हरने फोनवर सहज सांगितलं, "मॅडम, सकाळपासून डोळ्यासमोर अंधारी येऊन राहिली." हाच तो, लसींच्या गाडीवर घाबरलेला. आता चांगला तयार झाला होता. माझ्याशी मोकळेपणी बोलायचा, बायकोच्या हातच्या कोथिंबिरीच्या सांभारवडीचं कौतुक सांगायचा. मी म्हणाले, "गाडी कडेला घे आणि तिथेच थांब." आणि फोन ठेवून पाच मिनिटांच्या आत साहेबांना कळवलं. दुसरा ड्रायव्हर पाठवला. तपासणीत त्याचं रक्तदाबाचं निघालं. औषध सुरू झालं, पण गाडी त्याला परत मिळाली नाही. तो आता खाली गोदामात मालाची आवक-जावक बघतो.

मी सकाळी जिना चढते तेव्हा तो खाली टेबलापाशी असतो. पहिले काही दिवस मी थांबून विचारायचे, "बरा आहेस ना?" तो कागदांवरून मान वर न करता म्हणायचा, "हो." एकदा म्हणाला, "मी तुमाले सांगतलं होतं मॅडम. साहेबाले नाई."

"ठाऊक आहे मला," मी म्हणाले.

त्यानंतर तो बोललेला नाही. मीही थांबत नाही. त्याची तब्येत सुधारलेली दिसते, गालावर रंग आलाय. मी वर जाते, एसी लावते आणि दोन्ही स्क्रीन चालू करते. सकाळी नवाला शाळेच्या बस परतीच्या रस्त्यावर असतात, थंड गाड्या निघायच्या असतात आणि टिप्परांची पहिली फेरी भरलेली असते.